पाचवं बोट

अरुंधती : दोन हजार चौदा. डिसेंबर. या चित्राचं साल मी रजिस्टर न बघता सांगते, इंदूबाई. सहावी ब. त्याच वर्षी शाळेच्या गॅलरीला हिरवा रंग मारला होता आणि मुलं भिंतीला पाठ घासून हिरवी होऊन माझ्या तासाला यायची.

इंदूबाई : बसा तं जरा. मी आल्यापासून पाहून राहिली, खिडकीपासून टेबलापर्यंत अन् टेबलापासून खिडकीपर्यंत. पाच वाजता येते म्हणाली पोरगी. आता चारच वाजले.

अरुंधती : फोनवर नक्की काय म्हणाली दिपाली? तिचे शब्द सांगा.

इंदूबाई : चौथ्यांदा सांगून राहिली. म्हणे, मावशी, शाळेले रंग देऊन राहिले म्हणते, भिंतीवरच्या फ्रेमा काढल्या म्हणते, तं माझ्या आईचं चित्र कुठी हाये? मी म्हटलं, माझ्या घरी हाये. तुमच्या जागेवर ती मिनल मॅडम आली ना, तिनं मले देलं. भंगारात चाललं होतं. तं म्हणे, मले पायजे. मी म्हटलं, मंग अरुंधतीबाईच्या घरी ये, प्रतापनगरात, तिथंच आणून ठेवते. थोडी गप्प राह्यली. मंग म्हणे, येते.

अरुंधती : थोडी म्हणजे किती?

इंदूबाई : मी का घड्याळ लावून बसली होती?

अरुंधती : माझ्याकडेच का बोलावलंत पण? तुमच्या नंदनवन वस्तीत, तिच्याच गल्लीत राहता तुम्ही. हातात दिलं असतं तिच्या.

इंदूबाई : अकरा वर्षं झाली बाई. भाजीले भेटा, कोणाच्या लग्नात भेटा, तुमचा पयला प्रश्न एकच. दिपाली गजभिये कशी आहे? म्हटलं आता स्वतःच पाहून घ्या कशी हाये ते. अन् हे काय, फ्रेम काहून खोलली तुम्ही?

अरुंधती : काच काढल्याशिवाय नीट दिसत नव्हतं. बघा ना, इंदूबाई. साडीला पिको करायचं मशीन माणसापेक्षा मोठं काढलंय. कारण घरात तेच मोठं. चाकाचे आरे सगळे काढलेत, एक कमी नाही. आई वाकलीय, मान बघा, ही मान मोठ्यांनाही जमत नाही. आणि मशीनखालून हा निळा कपडा नुसता वाहतोय. बारा वर्षांचीसुद्धा नव्हती हो. चित्रकलेचा तास माझा, तीस वर्षं शिकवत होते, पण अशी मान मी कुणाला शिकवली नव्हती.

इंदूबाई : बोट पाहून राहिल्या तुम्ही. मानेचं मले सांगू नका.

अरुंधती : हो. बोटच बघतेय.

इंदूबाई : चहा ठेवू?

अरुंधती : आत्ताच झाला. मुलं हात काढायला घाबरतात, तुम्हाला माहीत आहे? माणूस काढतात, कपडे काढतात, शर्टाची बटणं काढतात, आणि हात आला की पाठीमागे नेतात. नाहीतर खिशात. नाहीतर मनगटाला फणी लावून देतात. म्हणून माझा नियम होता. हात लपवायचे नाहीत आणि बोटं मोजायची.

इंदूबाई : आठवते ना. तुमचा तास असला का खालपर्यंत ऐकू ये, एक दोन तीन चार पाच. पयल्या वर्षी मले वाटलं गणिताचा तास हाये. मी घंटाच चुकवली होती.

अरुंधती : चित्र जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचं होतं. त्यावर शेवटचा हात फिरवायचा, ही तेव्हाची पद्धतच होती. सगळ्या शाळांतले बाई-सर फिरवायचे. परीक्षकही बाई-सरच, त्यांनाही माहीत असायचं. कुणी त्याला खोटं म्हणत नव्हतं, फिनिशिंग म्हणत होतो आम्ही. मधल्या सुट्टीत बसले. बाह्यरेषा दाट केल्या, मशीनखाली सावली टाकली. आणि सवयीनं बोटं मोजली. उजव्या हाताची पाच. डाव्याची चार.

इंदूबाई : अन् पाचवं लावून देलं.

अरुंधती : करंगळी. दोन मिनिटांचं काम. ब्रश धुताना मनात काय आलं सांगू? किती सुंदर काढते ही मुलगी, पण बोटं मोजत नाही.

इंदूबाई : त्या प्रेमिलाची करंगळी वह्यांच्या कारखान्यात गेली. कागद कापायच्या मशीनमंदी. दिपाली पोटात होती तवा. त्याच्यानंतर तं घरी पिकोचं मशीन घेतलं तिनं.

अरुंधती : हे मला गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्हीच सांगितलंत.

इंदूबाई : व्हय.

अरुंधती : स्टेजवर चित्र ठेवलं होतं. पहिला नंबर, जिल्ह्यात. मुख्याध्यापिका बोरकर मॅडमनी नाव पुकारलं, मुलगी वर आली. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. चित्राजवळ गेली, आणि हात पुढे करून बोटानं मोजलं तिनं, इंदूबाई. मीच शिकवलं होतं तसं. मग मॅडमना म्हणाली, हे माझं चित्र नाही. माइक चालू होता. सगळी शाळा हसली. सर्टिफिकेट न घेता ती खाली उतरली आणि मॅडमनी मला विचारलं, काय हो, मुलीला डोकं आहे का नाही? मी म्हणाले, घाबरलीय.

इंदूबाई : मंग तुम्ही तिले माफी काहून नाई मागतली?

अरुंधती : कुणाची, सहावीतल्या मुलीची? आम्हाला सवय नव्हती. रोज ठरवायचे, आज बोलावते तिला. आणि ती काय करायची माहीत आहे? त्यानंतर तिनं एकाही माणसाला हात काढला नाही. सगळे हात मागे. बाजार काढा, सगळा बाजार हात मागे घेऊन उभा. क्रिकेट काढा, तर बॅट्समनसुद्धा. वर्गाला गंमत वाटायची. मला कळत होतं ती कुणाला सांगतेय ते. आणि वर्षाच्या शेवटी मी तिला क श्रेणी दिली. हात काढत नाही, म्हणून. नियम होता ना. खरं तर राग होता. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ती बसलीच नाही. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला हात, इंदूबाई, आणि तो मी घालवला.

इंदूबाई : एक सांगू? तुम्ही रागावसान.

अरुंधती : सांगा.

इंदूबाई : मी पाह्यलं होतं. तुम्ही करंगळी काढून राहिल्या होत्या तवा मी चहा घेऊन आली होती. तुमच्या मागं उभी होती. प्रेमिलाले चार बोटं हायेत, हे पूर्‍या गल्लीले माहीत.

अरुंधती : आणि बोलला नाहीत?

इंदूबाई : काय बोलू? तुम्ही ड्राइंगच्या बाई, मी घंटा वाजवणारी. त्याच्या आदल्या महिन्यात तुम्ही फळ्यावर बैल काढला, तवा मी म्हटलं होतं, बाई, आमच्या गावाकडचा बैल असा नसते. तं तुम्ही म्हणाल्या, इंदूबाई, तुम्ही चहा ठेवा तिकडे. मी ठेवला होता चहा. त्या दिवशीबी ठेवला अन् गेली.

अरुंधती : मी असं म्हणाले होते?

इंदूबाई : तुम्हाले कशाले आठवंन.

अरुंधती : नाही आठवत. खरंच नाही आठवत, आणि मला वाटतं मला सगळं आठवतं.

इंदूबाई : जाऊ द्या. बैल तसाबी वाईट नोता.

अरुंधती : आज मी ते बोट काढून टाकणार आहे.

इंदूबाई : काय?

अरुंधती : पोस्टर कलर आहे. पाण्यानं सुटतो, कितीही वर्षांनी. ओला ब्रश फिरवायचा आणि टीपकागदानं उचलायचं. ती येईल तेव्हा तिच्या आईला चारच बोटं असतील. तिचं चित्र तिला मिळेल.

इंदूबाई : बाई, ठेवा तो ब्रश. एक डाव तुम्ही तिले न विचारता लावलं. आता न विचारता काढसान?

अरुंधती : माझी चूक आहे, मीच निस्तरते.

इंदूबाई : चूक तुमची असंन. कागद तिचा हाये. येऊ द्या, बसू द्या, इचारा. मंग ती म्हणंन तं काढा.

अरुंधती : तिच्यासमोर? बोट बघून पुन्हा तिचं तोंड तसंच झालं तर? माइकसमोर झालं होतं तसं? मला नाही बघवणार.

इंदूबाई : म्हणजे तुमच्यासाठी काढून राहिल्या, तिच्यासाठी नाई. ... हे दूध उतू चाललं बाई, गॅस बारीक नाई केला का तुम्ही? थांबा. हात लावू नका म्हटलं ना, मी आली.

अरुंधती : जा, बघा.

इंदूबाई : अर्धं गेलं. पूरा ओटा भरला. फडकं कुठी ठेवता तुम्ही? खिडकीत? ह्या घरात ब्रश पन्नास, अन् फडकं एक नाई.

अरुंधती : इंदूबाई.

इंदूबाई : सापडलं, सापडलं.

अरुंधती : इंदूबाई, झालं.

इंदूबाई : काय झालं? ... बाई.

अरुंधती : बघा, खाली तिचा निळा आहे अजून. जशाच्या तसा. मी त्याच्यावरच चढवलं होतं. थोडा डाग राहील, वाळला की कळणार नाही.

इंदूबाई : मी दूध पुसायले गेली होती.

अरुंधती : माझ्या हाताला राहवत नाही, इंदूबाई. साठीनंतर गुडघे थांबले, डोळे थांबले, हा थांबत नाही.

इंदूबाई : घ्या. बेल वाजली. साडेचारच झाले, अन् आली बी. तुम्ही बसा, मी उघडते. ये वं पोरी, ये. चप्पल राहू दे तिथंच. ड्युटीवरून आली का?

दिपाली : हो मावशी, डायरेक्ट. रिंग रोडवर जाम होता, नाहीतर आधीच आली असती. नमस्कार, बाई.

अरुंधती : ये. बस. उंच झालीस.

दिपाली : तुम्ही बुटक्या झाल्या.

इंदूबाई : घ्या.

अरुंधती : बरोबर आहे तिचं. काय करतेस तू? इंदूबाई सांगतात दवाखान्यात आहेस.

दिपाली : एक्स-रे टेक्निशियन. छाती, गुडघे, हात. दिवसाला तीस-चाळीस.

अरुंधती : चित्रं? काढतेस?

दिपाली : एक्स-रेच काढते, बाई.

अरुंधती : दिपाली, तू काही बोलायच्या आत मला एक सांगायचंय. ते बोट मी काढायला नको होतं. तुला विचारायला हवं होतं. आणि तो क श्रेणीचा शेरा, तो मी रागानं दिला होता. तुझा हात माझ्या सगळ्या वर्गांत पहिला होता. हे मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं.

दिपाली : बाई, मी भांडायला नाही आली.

अरुंधती : भांडलीस तरी चालेल.

दिपाली : भांडायचं असतं तर अकरा वर्षं कशाला थांबली असती? माझ्यासाठी नाही आली मी. आईसाठी आली. तिला ते चित्र पाहिजे. आम्ही वरची खोली बांधली, तिथं तिचं मशीन ठेवलं. म्हणते, मशीनच्या वर माझं चित्र लाव. शाळेतलं. पाच बोटांचं.

अरुंधती : काय म्हणालीस?

दिपाली : तुम्हाला माहीत नसेल, त्या दिवशी आई आली होती गॅदरिंगला. मागं उभी होती. मी रडत घरी गेली तर ही मशीनवर बसून गाणं म्हणून राहिली. मला म्हणे, तुझ्या बाईनं मले पूरी काढली वं. मी दोन दिवस जेवली नाही. म्हटलं, तुझा खरा हात मी काढला तर तुला तो नको, अन् खोटा पाहिजे? तर म्हणे, खरा तं माझ्याजवळ हाये ना, रोजच पाहते.

इंदूबाई : प्रेमिला अशीच हाये.

दिपाली : आमच्या घरात तिचा एक फोटो नाही हात दिसेल असा. माझ्या वाढदिवसाचा घ्या, दादाच्या लग्नाचा घ्या. हात पदराखाली. शाळेत जाऊन ती ते चित्र पाहून यायची, मावशीला विचारा.

इंदूबाई : यायची. दर परीक्षेच्या फीच्या वेळी. ऑफिसात उभी राहे. मी कोणाले बोलली नाई.

अरुंधती : तुम्ही आणखी काय काय बोलला नाहीत, इंदूबाई?

इंदूबाई : इचारलं कोणी मले?

दिपाली : मला राग तुमचा होता, बाई. पण जास्त तिचा होता. आता दवाखान्यात रोज हात पाहते ना, तुटलेले, चेपलेले. लोक पहिलं काय विचारतात माहीत आहे? दुखणं जाईल का, हे नाही विचारत. दिसंल कसं, हे विचारतात. तेव्हापासून आईवर रागावता येत नाही. कुठे आहे चित्र?

इंदूबाई : सांगा आता तिले.

अरुंधती : टेबलावर आहे. हात लावू नकोस, ओलं आहे.

दिपाली : ओलं? अकरा वर्षं झाली त्याला.

अरुंधती : दहा मिनिटांपूर्वी मी ती करंगळी पुसून टाकली. तुझ्यासाठी. म्हणजे, मला वाटलं तुझ्यासाठी. इंदूबाई नको म्हणत होत्या.

दिपाली : एक दोन तीन चार.

अरुंधती : मी पुन्हा काढून देते. आत्ता देते. रंग आहेत सगळे.

दिपाली : नको.

अरुंधती : दोन मिनिटांचं काम आहे, दिपाली.

दिपाली : बाई, बसा. ती पहिली करंगळी तुम्ही कोणाची पाहून काढली होती?

अरुंधती : कुणाची म्हणजे? माझीच. समोर असते ती.

दिपाली : तरीच. मला तेव्हाच वाटायचं, हे बोट आमच्या घरचं नाही. बारीक, सरळ. खडू धरणारं. बाकीची चार जाड, अन् हे एक पाहुणं. आईला ते कधी दिसलं नाही. ती मोजायची फक्त. ब्रश द्या.

अरुंधती : तू काढणार?

दिपाली : आईची करंगळी मी पाहिली नाही. पण आजी म्हणायची, ती वरून बाहेर वाकलेली होती. माझी आहे तशी. हे पाहा. दादाची नाही, माझीच आहे. मी माझी पाहून काढते.

इंदूबाई : व्हय वं, तशीच होती. मी पाह्यली हाये. लग्नात नवरी होती तवा मेंदी मीच लावली होती तिले.

दिपाली : सांग मग मावशी, चुकलं तर.

इंदूबाई : मी सांगू?

दिपाली : तूच सांग. तूच पाहिली ना.

अरुंधती : आधी थोडा पांढरा घे, मग तपकिरी. आणि पाणी कमी घे, नाहीतर खालचा निळा वर येईल.

इंदूबाई : बाई.

अरुंधती : बरं.

दिपाली : सहावीनंतर ब्रश धरला नाही.

अरुंधती : मनगट टेकव, म्हणजे... नाही. नाही, तू काढ. काढ तशीच.

इंदूबाई : वरचं पेर अजून थोडं बाहेर घे. हां. जाडी बरोबर हाये. आता नखाले काही करू नको, नखं कापलेलीच राहत तिची.

दिपाली : असं?

इंदूबाई : असं. ... बाई, तुम्ही अशा भिंतीले टेकून काहून उभ्या? अन् हात मागं काहून घेतले?

अरुंधती : असू द्या. आत्ता ते तिथेच बरे आहेत.

(दिवाळीनंतरचा आठवडा. फोनवर.)

अरुंधती : हं, बोला. आवाज येत नाही, गच्चीवर जा.

इंदूबाई : गच्चीवरच हाये. चित्र लावलं त्यांनी, मशीनच्या वर. फॉलच्या साड्या घेऊन बाया येते, त्याईले प्रेमिला पयले चित्र दाखवते. म्हणे, करंगळी पोरीनं काढली. बाकीच्या चित्राचं काही सांगतच नाई.

अरुंधती : बाकीचंही पोरीनंच काढलंय.

इंदूबाई : ते मी सांगतलं. तं म्हणे, ते तं मले माहीतच हाये. अन् बोरकर मॅडम भेटल्या होत्या गांधीबागात. पोराकडं पुण्याले राहते आता. मी दिपालीचं सांगतलं, तं म्हणे, कोण दिपाली?

अरुंधती : म्हणणारच. मिनल आली होती माझ्याकडे, स्पर्धेची चित्रं घेऊन. म्हणाली, बाई, यांच्यावर थोडा हात फिरवून द्या.

इंदूबाई : फिरवला?

अरुंधती : मी म्हटलं, आधी मुलांना विचार. तर म्हणाली, एवढा वेळ कुणाला असतो? चित्रं घेऊन गेली. फिरवला असेल तिनंच.

इंदूबाई : अन् दिपालीचं नाई इचारत आज?

अरुंधती : रंगांची पेटी पाठवली होती मी, तुमच्याच हातानं. उघडली का तिनं?

इंदूबाई : कपाटावर ठेवली हाये. उघडली का नाई, ते मी नाई इचारलं.

अरुंधती : बरं केलंत.

इंदूबाई : तिचं लग्न जमलं ना. परवा साखरपुडा झाला. फोटोवाला आला होता, सगळ्याईले ओळीनं उभं केलं त्यानं. मी मुद्दाम पाहून राहिली होती. म्हटलं, आता चित्रात तं बोट आलं. तरीबी बाई, फोटोच्या वेळी प्रेमिलानं हात पदराखालीच नेला.

अरुंधती : नेऊ द्या, इंदूबाई. हात तिचा आहे.